ऐकणारीचा कौल : घरातील ध्वनियंत्रणेविषयी वाचकांचे प्रश्न

घरातील ध्वनियंत्रणा आणि संगीतश्रवण यांविषयी स्त्री-वाचकांकडून या सदराकडे आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : नवे स्पीकर घेण्यासाठी मी दुकानात गेले होते. मी काही बोलण्याआधीच विक्रेत्याने एक लहानशी, नाजूक दिसणारी जोडी पुढे केली. ‘बायकांना दणदणीत बास सोसत नाही, त्यांचे कान नाजूक असतात,’ असे त्याचे म्हणणे होते. मला तर भरदार खर्ज आवडतो. त्याच्या बोलण्यात शास्त्रीय तथ्य कितपत आहे?

उत्तर : थोडे तथ्य आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी कानाविषयी. वयानुसार श्रवणशक्ती किती घटते याचे आयएसओ ७०२९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात स्त्री व पुरुष यांचे आकडे स्वतंत्र दिलेले आहेत, कारण वरच्या वारंवारतेचे ध्वनी ऐकण्याची क्षमता पुरुषांमध्ये सरासरीने अधिक घटते. हे आकडे कानाचा विकार नसलेल्या आणि गोंगाटाचा फटका न बसलेल्या व्यक्तींचे असल्यामुळे सगळा दोष कारखान्यातील खडखडाटावर ढकलता येत नाही. निरोगी कान स्वतःहूनही अतिशय क्षीण ध्वनी बाहेर टाकत असतो आणि असा ध्वनी पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या कानांत अधिक वेळा सापडतो, हेही संशोधकांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. तेव्हा ‘नाजूक’ या शब्दाऐवजी ‘तीक्ष्ण’ हा शब्द विक्रेत्याने वापरला असता, तर त्याचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ गेले असते.

आता आवडीविषयी. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या ध्वनिसंशोधकांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २४९ श्रोत्यांना हेडफोन देऊन खालच्या आणि वरच्या स्वरांचे प्रमाण आपल्या आवडीनुसार लावून घेण्यास सांगितले होते. स्त्रियांनी सरासरीने पुरुषांपेक्षा थोडा कमी बास लावला, हे खरे आहे. पण ट्रेबलही (म्हणजे वरचे स्वर) त्यांनी कमीच लावला, आणि हा अर्धा भाग विक्रेते सांगत नाहीत. त्याच प्रयोगात वय, ऐकण्याचा सराव आणि वाजत असलेले गाणे यांचाही परिणाम दिसून आला : तरुण आणि नवख्या श्रोत्यांना दोन्ही टोके अधिक हवी होती, तर मुरलेल्या श्रोत्यांना कमी. म्हणजे पन्नाशीचा एखादा कसलेला पुरुष-श्रोता आणि विशीतली एखादी मुलगी समोर आल्यास विक्रेत्याचे गणित उलटेही पडू शकते. सरासरीतला फरक गटांविषयी काही सांगतो. समोर उभ्या असलेल्या ग्राहकाला काय आवडेल हे त्यावरून ठरवता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर तुम्ही ते स्वतःच सांगायला तयार होता.

मुख्य गफलत मात्र याच्या पुढची आहे. कमी बास आवडणे म्हणजे बास नसलेला स्पीकर आवडणे नव्हे. बासचे प्रमाण अँप्लिफायरवरील एका बटणाने कमी करता येते. स्पीकरच्या पेटीतून जो स्वर निघतच नाही, तो कोणत्याही बटणाने निर्माण करता येत नाही. चांगला स्पीकर कोणता याबाबत माणसांचे एकमत आश्चर्य वाटावे इतके आहे. ऑलिव्ह यांनीच २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत २६८ श्रोत्यांनी पडद्याआड ठेवलेले चार स्पीकर ऐकले, आणि प्रशिक्षित असोत वा अप्रशिक्षित, त्यांनी लावलेला क्रम जवळपास सारखाच निघाला. खालपासून वरपर्यंत कोणताही स्वर अवाजवी न फुगवणारा आणि न दाबणारा स्पीकर सर्वांना आवडतो. तुम्ही तशी जोडी मागावी, ती खालच्या स्वरांत कोठवर उतरते ते विचारावे आणि भरदार खर्जाची तुमची आवड निःसंकोच सांगावी.

प्रश्न : आमच्या बैठकीच्या खोलीत पतीने कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आणले आहेत. एक दारामागे अडकतो आणि दुसरा कोपऱ्यात सोफ्याच्या आड गेला आहे. मी तक्रार केली की त्यांचे मित्र ‘बायकोची मंजुरी’ म्हणून हसतात. मी खरोखरच संगीताच्या आड येते आहे का?

उत्तर : मुळीच नाही. उलट या घरात स्पीकरच्या जागेविषयी बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच दिसता, आणि जागा हा ध्वनीचाच भाग आहे.

ही थट्टा बरीच जुनी आहे. ध्वनियंत्र घरात आले तेव्हापासून ते यंत्र म्हणून दिसावे की फर्निचर म्हणून, हा वाद चालू आहे. अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये ‘व्हिक्ट्रोला’ बाजारात आणला, त्याचे वैशिष्ट्य असे की ग्रामोफोनचा अवजड कर्णा दुमडून लाकडी कपाटाच्या पोटात लपवलेला होता आणि समोरची लहान दारे उघडून किंवा लोटून आवाज कमी-जास्त करता येत असे. त्या कपाटामुळे ग्रामोफोनला दिवाणखान्यात मानाची जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘हाय-फाय’चा छंद फोफावला तेव्हा चित्र पालटले : उघडे अँप्लिफायर, तारांचे जंजाळ आणि भल्यामोठ्या पेट्या ही पुरुषांची हौस ठरली आणि त्या काळच्या अमेरिकी मासिकांत पत्नी ही केवळ ‘आवाज कमी करा’ म्हणणारी म्हणून रंगवली गेली. १९८०च्या दशकात ध्वनिविषयक इंग्रजी मासिकांनी पत्नीच्या पसंतीला एक टिंगलीचे नावही देऊन टाकले, तेच आज तुमच्या पतीच्या मित्रांच्या तोंडी आहे.

गंमत अशी की घरात मावणारा स्पीकर ही मागणी पुरवताना अभियंत्यांनी ध्वनीचे नुकसान केले नाही. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर आणला. त्यात पेटी हवाबंद करून आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला होता, आणि फळीवर मावणाऱ्या त्या पेटीतून निघणारा खर्ज तोवरच्या कपाटाएवढ्या पेट्यांना लाजवणारा होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९५८च्या सुमारास, स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि प्रत्येक घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवण्याची वेळ आली. पेट्या लहान झाल्या नसत्या, तर सामान्य घरांत स्टिरिओला इतका सहज शिरकाव मिळाला असता, असे मला वाटत नाही.

यामागचा नियम जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो : खोलवर उतरणारा खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी एका वेळी दोनच मिळतात. जुन्या काळी अँप्लिफायरची ताकद मोजकी होती, त्यामुळे लहान पेटीवर पाणी सोडावे लागे. आज ताकद मुबलक आहे. म्हणून तिसरी गोष्ट सोडून पहिल्या दोन घेणे परवडते.

आता तुमच्या खोलीकडे वळू. स्पीकर भिंतीच्या जवळ गेला की त्याचा बास वाढतो आणि कोपऱ्यात गेला की आणखी वाढतो. हा वाढलेला बास गुणकारी नसतो, त्याने सगळे गाणे गढूळ होते. सोफ्याच्या आड गेलेल्या स्पीकरचे वरचे स्वर कापडात शोषले जातात आणि तुमच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ घुमारा. दोघांपैकी एक दारामागे आणि एक कोपऱ्यात असेल, तर डावा आणि उजवा आवाज एकमेकांशी जुळणे शक्यच नाही. या अवस्थेत ते स्पीकर कितीही नामांकित असले तरी त्यांचा निम्मा गुण वाया जात आहे. पतीला हे ऐकवायचे असेल तर वाद घालू नये. एका संध्याकाळी सोफा ओढून दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, बसण्याच्या जागेपासून सारख्या अंतरावर ठेवावेत आणि तेच गाणे पुन्हा लावावे.

कायमची तडजोड करायची झाल्यास दोन लहान स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारी वेगळी पेटी) हा मार्ग बरा. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा ध्वनी कोठून येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही, त्यामुळे सबवूफर नजरेआड ठेवता येतो. मात्र लहान स्पीकर जमिनीवरच्या स्टँडवर ठेवायचे असतील, तर उंच स्पीकरइतकीच जागा अडेल, हा हिशेब अनेकजण विसरतात. फळी किंवा भिंतीवरचा आधार असेल तरच जागा वाचते, आणि तेथे मागच्या बाजूला हवेचे छिद्र नसलेली पेटी घ्यावी.

प्रश्न : मुले झोपल्यावर मला ऐकायला वेळ मिळतो. आवाज अगदी बारीक ठेवावा लागतो आणि तसे केले की संगीत निर्जीव वाटते. दिवसा तेच गाणे छान वाजते. यंत्रणा बदलावी का?

उत्तर : यंत्रणा निर्दोष असावी. तुम्हाला जाणवते ते कानाचे वर्तन आहे आणि फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी ते १९३३ मध्येच मोजून दाखवले. आवाज लहान होतो तेव्हा कान सर्व स्वरांना सारखेच कमी करत नाही. खालचे स्वर तो फार वेगाने गमावतो. आजच्या मानकानुसार १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात, म्हणजे ३८ डेसिबलची तफावत पडते. मधला स्वर ८० डेसिबलवर असताना हीच तफावत सुमारे २२ डेसिबल असते. दिवसाचा आवाज रात्री खाली आणताना खर्ज जणू कोणीतरी काढून नेतो, तो यामुळे.

जुन्या अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’ असे एक बटण असे, ते नेमके यासाठी होते. लहान आवाजात ते खालचे स्वर उचलून देत असे. कित्येकांनी ते दिवसाही दाबून ठेवले, त्यामुळे त्याची अपकीर्ती झाली आणि अनेक उत्पादकांनी ते काढून टाकले. माझ्या मते घरात ऐकणाऱ्यासाठी ती मोठी गैरसोय झाली आहे. तुमच्या यंत्रणेत ते असेल तर रात्री खुशाल वापरावे. नसेल तर बास थोडा वाढवून ठेवावा आणि सकाळी आठवणीने पूर्ववत करावा. आवाज कमी होईल तशी खर्जाची भरपाई आपोआप करणारी सोय काही नव्या यंत्रणांत असते, ती मिळाल्यास उत्तम.

दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे. स्पीकरच्या जवळ बसावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की थेट येणारा ध्वनी ६ डेसिबलने वाढतो. खोलीत ही वाढ थोडी कमी असते, पण भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीचा वाटा घटल्यामुळे बारकावे स्पष्ट होतात. रात्रीपुरते मेजावर दोन लहान स्पीकर मीटरभर अंतरावर ठेवून ऐकले, तर शेजारच्या खोलीत कुजबुजीएवढाही आवाज जाणार नाही आणि तुम्हाला गाणे पुरते ऐकू येईल.

प्रश्न : मी एका जागी बसून क्वचितच ऐकते. घरात काम करताना, या खोलीतून त्या खोलीत जाताना संगीत चालू असते. पतीच्या मते हे ऐकणेच नव्हे. माझ्यासारखीने कोणती यंत्रणा घ्यावी?

उत्तर : ऐकण्याची व्याख्या तुमच्या पतीकडेच राहू द्या, यंत्रणेची निवड मात्र तुमच्या पद्धतीवरून व्हायला हवी, कारण बहुतेक यंत्रणा बसलेल्या श्रोत्याला धरून बेतलेल्या असतात.

स्टिरिओची किमया एका त्रिकोणावर अवलंबून आहे. दोन स्पीकर आणि श्रोता तिन्ही कोनांवर असले की गायिका दोन स्पीकरच्या मधोमध, हवेत उभी असल्यासारखी वाटते. तुम्ही एका बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो, कान त्यालाच मूळ मानतो आणि ती गायिका त्या पेटीत जाऊन बसते. वादकांना अगदी डावी-उजवीकडे वाटून टाकण्याची पद्धत असलेली काही जुनी ध्वनिमुद्रणे आहेत. ती वाजत असताना दुसऱ्या खोलीत गेलात तर एखादे वाद्य जवळपास नाहीसेच होते. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करणारी ‘मोनो’ची सोय. ती असलेला अँप्लिफायर किंवा ॲप निवडावा. वावरत ऐकणाऱ्याला मोनो कमी प्रतीचा वाटण्याचे काही कारण नाही.

स्पीकर निवडताना समोरून ऐकून समाधान मानू नये. दुकानात एका बाजूला पाच-सहा पावले चालत जावे, वळावे, पाठ फिरवावी. बाजूने ऐकताना आवाज केवळ थोडा लहान झाला तर स्पीकर चांगला. तो बोदा किंवा कर्कश झाला तर तुमच्या कामाचा नाही. बाजूंना जाणारा ध्वनीही समोरच्या ध्वनीसारखाच असला पाहिजे, यावर ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेत केलेल्या कामापासून बराच भर दिला गेला आहे, कारण भिंतींवरून परतून येणारा ध्वनी तोच असतो. बसून ऐकणाऱ्यालाही याचा लाभ होतो, पण चालत-फिरत ऐकणाऱ्याला तर दुसरा आधारच नसतो.

दोन-तीन खोल्यांत एकच संगीत हवे असेल तर ब्लूटूथऐवजी वाय-फायवर चालणारे, एकमेकांशी वेळ जुळवून वाजणारे स्पीकर घ्यावेत. ब्लूटूथचा पल्ला घरात साधारण दहा मीटर धरला जातो, आणि मध्ये भिंत आली किंवा फोन खिशात घेऊन तुम्हीच पाठमोऱ्या झालात, तरी तो आखडतो.

प्रश्न : कानात घालायचे इअरफोन माझ्या कानांतून सारखे निसटतात आणि जे बसतात ते तासाभरात दुखू लागतात. मोठे हेडफोन घेतले तर अंबाड्यावर पट्टी बसत नाही. माझ्याच कानांत काही दोष आहे का?

उत्तर : दोष कानांत नाही, मापांत आहे. कानाची नळी स्त्रियांमध्ये सरासरीने अरुंद असते, आणि खोक्यातून येणारी मधल्या मापाची टोपणे (कानात जाणारी मऊ टोके) आधीपासून बसवलेली असल्यामुळे बहुतेकजण तीच वापरत राहतात. खोक्यात लहान मापाची जोडी असते. ती आधी लावून पाहावी. डावा आणि उजवा कान अगदी सारखा नसतो, त्यामुळे एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मधले माप लागले तरी संकोच करू नये.

टोपण नीट बसले की नाही हे बासवरून कळते. टोपण आणि नळी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर गळून जातात आणि इअरफोन चिरका वाटू लागतो. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि किंचित मागे ओढावा, इअरफोन आत सरकवावा, मग कान सोडावा; खर्ज एकदम भरून आला तर बैठक जमली. ‘या इअरफोनला बासच नाही’ अशा तक्रारींपैकी पुष्कळशा या एका हालचालीने मिटतात. सिलिकॉन टोचत असेल तर फोमची टोपणे घ्यावीत, ती दाबून घातली की आत फुलून नळीचा आकार घेतात. फक्त ती लवकर झिजतात. नळीच्या तोंडाशीच दुखत असेल तर इअरफोनचे अंगच मोठे आहे, आणि तेथे टोपण बदलून भागणार नाही.

मोठ्या हेडफोनबाबतही फटीचे तत्त्व तेच. चष्म्याची काडी, कानातले लोंबते दागिने किंवा कानांवर आलेले जाड केस यांनी गादी उचलली जाते आणि बास निसटतो. पट्टी डोक्याच्या मध्यावरून थोडी पुढे घेतली तर अंबाडा मोकळा राहतो, पण त्यासाठी वाट्या पुढे-मागे फिरणाऱ्या हव्यात. वरखाली सरकणाऱ्या पट्टीचे सर्वांत लहान मापही तपासावे, कारण लहान डोक्यावर कित्येक हेडफोन शेवटच्या खाचेतसुद्धा सैल राहतात. वजन हातात घेऊन पाहावे. दुकानात दोन मिनिटे घातलेला हेडफोन सर्वांनाच सुखद वाटतो. निदान पंधरा मिनिटे तो उतरवू नये.

एक सूचना आवाजाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. सैल इअरफोन घालणारी व्यक्ती गळलेला बास भरून काढण्यासाठी आवाज वाढवते, म्हणून नीट बसणारे माप शोधणे कानाच्या आरोग्यासाठीही आवश्यक आहे.

प्रश्न : नव्या स्पीकरवर पुरुषांची गाणी चांगली वाजतात, पण गायिकांचे आवाज टोचतात, विशेषतः ‘स’ आणि ‘श’. दोष ध्वनिमुद्रणाचा की स्पीकरचा?

उत्तर : बहुधा खोलीचा आणि मांडणीचा. कान २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो, आणि बोलताना किंवा गाताना स्त्रियांच्या ‘स’, ‘श’ यांची शक्ती पुरुषांपेक्षा वरच्या भागात एकवटते, जो भाग ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधील वरच्या स्वरांचा घटक, वाजवतो. उघड्या भिंती, काच आणि फरशी त्या भागाला भर घालतात. गालिचा, जाड पडदा किंवा पुस्तकांचे कपाट यांपैकी एखादी गोष्ट आणावी, आणि स्पीकरची तोंडे थेट कानाकडे रोखलेली असतील तर ती थोडी बाहेर वळवावीत. एवढे करूनही टोचत राहिले, आणि दुसऱ्या स्पीकरवर तेच ध्वनिमुद्रण सुखद वाजले, तर मात्र स्पीकर बदलावा.

स्त्रीच्या आवाजाला ‘कर्कश’ ठरवून मोकळे होण्याची सवय यंत्रांनीही जोपासली आहे. सुरुवातीच्या रेडिओ-प्रक्षेपणात साधारण ५००० हर्ट्झच्या वरचा भाग कापला जाई, त्यात स्त्रियांची व्यंजने अधिक बळी पडत आणि अस्पष्टतेचा दोष निवेदिकेच्या गळ्याला दिला जाई. गायिकांचे आवाज स्पीकरच्या परीक्षेसाठी फार उपयोगी असतात. जो स्पीकर त्यांना न्याय देतो, तो व्हायोलिनलाही देतो.

प्रश्न : ध्वनीच्या या क्षेत्रात स्त्रिया आहेत तरी का? मासिकांत दिसत नाहीत.

उत्तर : मासिकांत कमी दिसतात; जाणकारांच्या संग्रहात मात्र त्यांचे काम हमखास असते. ज्या तबकड्या वाजवून जगभरचे शौकीन आपली यंत्रणा पाहुण्यांना ऐकवत आले, त्या मर्क्युरी कंपनीच्या ‘लिव्हिंग प्रेझेन्स’ मालिकेच्या निर्मात्या विल्मा कोझार्ट फाइन होत्या, आणि पुढे १९९०च्या दशकात त्याच ध्वनिमुद्रणांचे सीडीवरील रूपांतरही त्यांच्याच देखरेखीखाली झाले. डॅफ्ने ओरम या १९५८ मध्ये सुरू झालेल्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या इलेक्ट्रॉनिक ध्वनी निर्माण करणाऱ्या विभागाच्या संस्थापकांपैकी एक. सुसान रॉजर्स यांनी १९८०च्या दशकात अमेरिकी गायक प्रिन्स यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले, नंतर मॅकगिल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली आणि माणूस संगीत कसे ऐकतो याचे अध्यापन केले. तुमच्या पतीच्या किंवा भावाच्या संग्रहात मर्क्युरीची तबकडी असेल, तर तिच्या पाठीमागचा मजकूर वाचून पाहावा.

प्रश्न : दोन स्पीकरमधून एक निवडायचा आहे. घरातील पुरुष मंडळी तांत्रिक आकडे सांगतात, मला आकडे कळत नाहीत. मी माझ्या कानांवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवावा, पण डोळे बाजूला ठेवून. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघडपणे ऐकले. उघडपणे ऐकताना त्यांनी मोठ्या, महागड्या पेट्यांचे गुण वाढवले आणि छोट्या, स्वस्त स्पीकरचे कमी केले. ते सगळे ध्वनियंत्रे बनवणाऱ्या कंपनीचेच कर्मचारी होते. तेव्हा आकडे कळण्याने कोणी या मोहातून सुटत नाही.

घरच्या घरी चाचणी अशी घ्यावी. दोन्ही स्पीकर एकाच जागी, एकाच उंचीवर, पातळ कापडाच्या आड ठेवावेत. आवाजाची पातळी आधी जुळवून घ्यावी : फोनमधील डेसिबल मोजणारे ॲप बसण्याच्या जागी ठेवून दोन्हींवर एकसारखा खळखळणारा ध्वनी (‘पिंक नॉइज’ नावाने तो सहज मिळतो) वाजवावा आणि आकडा सारखा येईपर्यंत बटण फिरवावे. हे टाळले तर पुढचे सगळे व्यर्थ आहे, कारण दोहोंपैकी जो एखाद्या डेसिबलनेही मोठा वाजतो तोच कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो. विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते. मग घरातील कोणीतरी स्पीकर बदलावेत आणि तुम्ही फक्त ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ एवढेच कागदावर लिहावे.

वाजवायला चकचकीत नमुना-ध्वनिमुद्रणे नकोत, शेकडो वेळा ऐकलेली आपली गाणी घ्यावीत. एक गायिकेचे, कमी वाद्यांचे. एक असे ज्यात तबला स्वच्छ ऐकू येतो : डग्ग्यावर हात दाबून काढलेली मींड वर चढताना स्वर म्हणून ऐकू आली पाहिजे, नुसता धबधब आवाज येत असेल तर त्या स्पीकरचा बास मोठा असूनही ढिला आहे. तिसरे भरगच्च वाद्यवृंदाचे, ज्यात सगळी वाद्ये एकदम वाजू लागल्यावरही ती वेगळी काढता येतात का ते पाहावे. प्रत्येक गाण्याचा एकच, अर्ध्या मिनिटाचा तुकडा आलटून-पालटून ऐकावा, कारण पूर्ण गाणे संपेपर्यंत पहिल्या स्पीकरची आठवण पुसट होते. हीच चाचणी आकडे सांगणाऱ्या मंडळींचीही घ्यावी आणि कागद शेवटी एकत्र उघडावेत. दुकानदार दोन्ही जोड्या चार दिवसांसाठी घरी देतो का, हे मात्र पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.